बांध आठे व्हता

(सुरुवात : अमळनेर तालुका, मोकळं वावर, सकाळचे सात)

मे महिना आहे. कापूस कधीच उपटून झालाय आणि काळी जमीन अशी भेगाळलीय की आमच्या ट्रायपॉडचा पायच आत जायला लागला. जमिनीची सरकारी मोजणी शक्यतो उन्हाळ्यात असते कारण पीक उभं असलं की हद्दीवरून चालता येत नाही, आणि सकाळी लवकर असते कारण दहानंतर खान्देशातल्या वावरात उभं राहणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

हे तात्या. ते बोट दाखवतायत बघा, "बांध आठे व्हता," म्हणजे इथं होता. आणि हे नाना, चुलतभाऊ, ते दहा पावलं सरकून तेच म्हणतायत, "नही रे भो, आठे व्हता." मधली जी जागा आहे ना, तेवढ्यासाठी आज सगळे जमलेत. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्यात, पंच आलेत, बाभळीखाली पाण्याचा जार ठेवलाय.

(क्लोजअप : टिपणाची नक्कल)

आता हा कागद नीट बघा. याला टिपण म्हणतात. स्केलमध्ये नाही, हाताने काढलेला नुसता आकार, पण बाजूला आकडे आहेत, साखळी आणि आणे. होय, आणे, पैशातले नाही. जुनी मोजणी 33 फुटांच्या साखळीनं व्हायची आणि त्या साखळीचे 16 आणे. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट, असे 40 झाले की एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर असलं तरी गावात सगळे गुंठ्यातच भांडतात.

ही साखळी आपल्याकडे आली तीही काही शांततेत नाही. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 पासून इंदापूरकडे मोजणीची पद्धत बसवली, मग ती खान्देशात आणली, आणि 1852 साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक मोजणीविरुद्ध उठले. साखळी आली की सारा वाढणार अशी भीती होती, फौज आणावी लागली. (सावद्याचा हा बाजारातला शॉट आत्ताचा आहे, केळीच्या गाड्या दिसतायत त्या. त्या वेळचं चित्र कुठून आणणार.) तेव्हा प्रश्न होता मोजायचं का. पावणेदोनशे वर्षांनी प्रश्न आहे मोजणार कोण.

(रोव्हर, लाँग शॉट, मग पडदा)

काठीवर ही जी पांढरी वाटी पालथी घातल्यासारखी दिसतेय तो रोव्हर. उपग्रहांवरून जागा घेतो, मोबाइल नेटवर्कवरून दुरुस्ती घेतो आणि सेंटिमीटरमध्ये बोलतो. आधी शंकू साखळी, मग फलकयंत्र, मग ईटीएस, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आणि आता हे. गावातली पोरं याच्याभोवतीच घोळका करतात, आम्हीपण याचेच शॉट जास्त घेतले खरं तर.

पण साहेब काय करतायत ते बघा, मशीन काय करतंय ते नको. भूकरमापक साहेबांनी, म्हणजे सरकारी मोजणीदारानं, आधी वहिवाट घेतली, म्हणजे आज जो बांध आहे, विहीर, कडुनिंब, रस्ता, जसं आहे तसं. हद्दीचं अजून एक अक्षर नाही बोलले. मग टिपण, गटाचा नकाशा, फाळणी म्हणजे हिश्श्यांच्या मोजणीचा कागद, हे सगळं काढून त्यावर बसवून बघितलं. बसेना. मग ते चालत पार तिसऱ्या गटाच्या कोपऱ्यावर गेले, तिथं जुना दगड आहे का बघायला, तिथून उलटं मोजत आले. आमचा कॅमेरावाला वैतागला होता, एवढं चालणं कशाला म्हणून. पण कामच ते आहे. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, पुढे गटाचे हिस्से झाले, बोरी नदीकाठच्या वावरांचे तर काठच सरकले, आणि या सगळ्यातून मूळ रेषा कुठं होती हे पुराव्यानं ठरवायचं असतं. मशीन फक्त सांगतं की तुम्ही आत्ता कुठं उभे आहात. बांध कुठं होता ते मशीनला माहीत नाही.

(दुसरं वावर, दुपार)

या वादात आणखी एक नकाशा आहे, तो हा. नानांनी मागच्या वर्षी एका खासगी मोजणीवाल्याकडून करून घेतला, रंगीत प्रिंट, खाली गोल शिक्का, आत 'सर्वेअर' लिहिलंय. त्यानं टिपण बघितलंच नव्हतं. तो माणूस लबाड होता असं आम्ही म्हणत नाही, त्याच्याकडे मशीन होतं आणि मोजायला सांगितलं ते त्यानं मोजलं. या नकाशावर तारेचं कंपाउंड झालं, आणि आता दोन घरांचं बोलणं बंद, कोर्टात तारखा.

(जळगाव, सराफ बाजार)

आता थोडं जळगावात. या दुकानातला काटा बघा, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे, नसेल तर सराफाला दंड. ग्रॅमभर सोनं तोलायचं तरी ही काळजी. जिनिंगमध्ये कापसाला आग लागली आणि क्लेम मोठा असला तर नुकसान बघायला जो सर्वेअर येतो तोही लायसन्सवालाच, विम्याच्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. आर्किटेक्ट हे नाव लावायचं तर 1972 चा कायदा आहे. आणि जमीन मोजून खाली सर्वेअर म्हणून शिक्का मारायला? शिक्का बनवून देणारा दुकानदार फक्त स्पेलिंग विचारतो.

कायदा नाही असं नाही हां. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, त्यात हद्दींवर आख्खं प्रकरण आहे, खुणा कशा कायम करायच्या, वाद कसा मिटवायचा, कलम 145 मध्ये तर हद्दीची निशाणी मोडणाऱ्याला शिक्षासुद्धा. भूमापन अधिकारी कोण तेही आहे, म्हणजे सरकारी माणूस. पण व्यवसाय म्हणून बाहेर जो मोजतो त्याचं काम नेमकं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं याची व्याख्या नाही. अमेरिकेत हे राज्याराज्यानं करून ठेवलंय, कॅलिफोर्नियात तर 1891 पासून लायसन्स आहे. हद्द शोधणं, हरवलेली पुन्हा कायम करणं, खुणा रोवणं, त्याचा नकाशा देणं, हे कायद्यात नाव घेऊन लिहिलंय आणि ते लायसन्सशिवाय करता येत नाही. तिथंही वाद झालेत, कॉम्प्युटरवर नुसते नकाशे बनवणाऱ्यांना यात धरायचं का वगैरे, पण निदान वाद घालायला एक वाक्य तरी आहे त्यांच्याकडे.

आपल्याकडे कर्नाटकात परवानाधारक सर्वेअर आहेत. 2025 साली महाराष्ट्रानंही परवानाधारक खासगी भूमापक आणायचं जाहीर केलं, मोजणी ते करणार आणि तपासून प्रमाणित भूमी अभिलेखचे अधिकारी करणार. मोजण्या तुंबल्यात त्यामुळे हे हवंच होतं. फक्त परवाना म्हणजे व्याख्या नाही, परवाना सांगतो खात्यासाठी कोण मोजेल, परवाना न घेता नानांच्या वावरात रोव्हर घेऊन उभा राहणारा काय करतोय हे तो सांगत नाही. नुसतं माप घेणं कुणीही करावं, विहिरीपासून पाइपलाइनचं अंतर काढायला साहेब कशाला लागतात. पण "तुमची हद्द ही" असं म्हणून खाली सही करणं हे वेगळं काम आहे, आणि हा फरक कायद्यात लिहून पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे.

(परत पहिलं वावर. जबाब चालू. इथे निवेदन नाही, फक्त तात्यांचा चेहरा, मग नानांचा, वीस सेकंद)

पंचनामा झाला. सह्या झाल्या, एका म्हाताऱ्या पंचानं अंगठा दिला. खुणा दाखवल्या त्या तात्या म्हणत होते तिथं नाहीत आणि नाना म्हणत होते तिथंही नाहीत, मधेच कुठंतरी आहेत, तात्यांच्या बाजूला थोड्या जास्त. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात यायला वेळ आहे, आणि कुणाला पटलं नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा अर्ज करता येतोच. नाना काही न बोलता मोटरसायकलकडे गेले. आम्ही सामान भरत होतो तेव्हा एक पोरगा दगडाभोवती चुना टाकत होता, वारा सुटला होता, अर्धा चुना त्याच्याच पायावर.