ब्रेक्झिट : मतपत्रिकेत न मावलेला प्रश्न

(दृश्य : दलाल स्ट्रीट. शेअर बाजाराच्या इमारतीवर सरकणारे आकडे.)

शुक्रवार, २४ जून २०१६. मुंबईत सकाळचे ९ वाजून १० मिनिटं. लंडनमध्ये पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटं. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला आहे, असं बीबीसीने जाहीर केलं आणि पाचच मिनिटांत इथला बाजार उघडला. दिवसभरात सेन्सेक्स एका क्षणी हजाराहून जास्त अंकांनी आपटला. बंद होताना ६००हून अधिक अंकांनी खाली होता.

(दृश्य : बॉम्बे हाउसचं प्रवेशद्वार.)

फोर्टातल्या टाटा समूहाच्या या मुख्यालयाला ती बातमी परदेशातली वाटणं शक्यच नव्हतं. जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांची. गाड्या बनायच्या इंग्लंडमध्ये, सुटे भाग आणि गिऱ्हाइकं युरोपभर.

(दृश्य : चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयाचा वर्ग. फळ्यावर खडूने लिहिलेला प्रश्न.)

‘युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावं, की युरोपीय संघ सोडावा?’ ब्रिटिश मतदारांपुढे ठेवलेला हा प्रश्न. आज वादविवादासाठी तो या मुलांपुढे आहे.

ब्रिटन या गटात शिरला १९७३ साली. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, तिथे पहिलं सार्वमत झालं आणि दोन तृतीयांश मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. दुसऱ्या सार्वमताचं वचन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी जानेवारी २०१३ मध्ये दिलं. आधी ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं द्यायचं होतं. तो प्रश्न राहण्याच्या बाजूला झुकलेला वाटू शकतो, असा आक्षेप तिथल्या निवडणूक आयोगाने घेतला, म्हणून दोन्ही पर्याय पूर्ण वाक्यात छापले गेले. शब्दांची इतकी काळजी घेतली. पण बाहेर पडायचं म्हणजे सामायिक बाजारपेठ सोडायची का, जकात संघही (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच) सोडायचा का, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

(दृश्य : व्यासपीठावर बोलणारी विद्यार्थिनी. मागे बाकांवरून टाळ्या.)

ही मुलगी बाहेर पडण्याच्या बाजूने बोलते आहे. आपले कायदे आपणच निवडून दिलेल्या संसदेने करावेत, हा तिचा मुद्दा. ज्या शहरात ‘चले जाव’चं गवालिया टँक मैदान आहे, तिथे हा मुद्दा कुणाला हलका वाटणार नाही, आणि तो हलका नाहीच. तिच्यानंतर उठलेला मुलगा आठवण करून देतो, की युरोपीय संसदेत ब्रिटनचे स्वतःचे ७३ सदस्य होते आणि तेही निवडूनच गेलेले.

(दृश्य : संग्रहातली चित्रफीत. लाल बस.)

आठवड्याला ३५ कोटी पौंड आपण युरोपला देतो, असं बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचाराच्या या बसवर लिहिलं होतं. ब्रिटनला मिळणारी सूट यात वजाच केलेली नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हरकत घेतली; बस फिरत राहिली.

(दृश्य : लंडनमधलं भारतीय उपाहारगृह.)

हा प्रचार आपल्या लोकांपर्यंतही आला. युरोपातून येणाऱ्यांना मोकळं दार आणि आपल्याकडच्या आचाऱ्याला व्हिसा नाही, हे तिथल्या मंत्री प्रीती पटेल करी हाउसच्या मालकांना सांगत होत्या. आणि तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा म्हणून, या सार्वमतात मत होतं. अंधेरीहून वर्षभरासाठी शिकायला गेलेली मुलगी मत देऊ शकत होती. वीस वर्षं तिथे राबलेला पोलिश गवंडी नाही.

(दृश्य : फळ्यावर आयर्लंडचा नकाशा. खडूची आडवीतिडवी रेघ.)

या रेघेवर आम्ही मुद्दाम थांबतो आहोत. ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला स्वतंत्र आयर्लंड यांच्यामधली, जवळपास ५०० किलोमीटरची ही सीमा. १९९८च्या शांतता करारानंतर इथल्या लष्करी चौक्या गेल्या. ब्रिटन बाहेर पडला, तर हीच युरोपीय संघाची सीमा होणार होती. ९ जून २०१६ रोजी टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर, एकमेकांच्या विरोधातले दोन माजी पंतप्रधान, एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला गेले आणि हेच सांगून आले. आमच्या मते त्या सबंध प्रचारात याहून महत्त्वाचं भाषण झालं नाही. बसवरच्या आकड्यापुढे ते कुणी ऐकलं नाही.

(दृश्य : पार्लमेंट स्क्वेअर, खासदार जो कॉक्स यांच्या हत्येनंतर वाहिलेली फुलं. निवेदन नाही.)

बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१.

(दृश्य : हाउस ऑफ कॉमन्स. सभापतींची हाक, खासदारांची धावपळ.)

कसं निघायचं, हा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो मतदानानंतर. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मग आणखी दोनदा पडला. अडकला होता मुख्यतः त्या खडूच्या रेघेवर. शेवटी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या काळात, ३१ जानेवारी २०२० रोजी, ब्रिटन बाहेर पडला. व्यापारातली सीमा आयरिश समुद्रात, उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनच्या मध्ये, सरकली.

(दृश्य : न्हावा शेवा बंदर. क्रेन, शीतपेट्या.)

पुढचं थोडक्यात. नाशिकच्या द्राक्षांवरच्या औषधांच्या अंशांसाठी ब्रिटनची मर्यादा आता वेगळी ठरते, युरोपची वेगळी. स्वतंत्र करार करायला मोकळ्या झालेल्या ब्रिटनने भारताशी व्यापार करार केला तो २४ जुलै २०२५ रोजी. आणि बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, असं गृहीत धरून ब्रिटनचं स्वतःचं अर्थसंकल्पीय कार्यालय आपले अंदाज मांडत आलं आहे.