न झुकणाऱ्या गाडीची चाकं

मित्रहो, सायकल वळणावर झुकते. ती झुकते म्हणून चालवणाऱ्याचं वजन आणि वळणाचा रेटा हे दोन्ही मिळून चाकाच्या सरळ रेषेतच उतरतात. सायकलचं चाक इतकं हलकं ठेवता येतं ते याच कारणाने. २ मिलिमीटर जाडीच्या तारांवर अख्खा माणूस तोलला जातो, कारण त्या तारांना बाजूने कुणी ढकलत नाही. ट्राइक, म्हणजे तीनचाकी, झुकत नाही. वळणावर रस्ता तिच्या टायरला आडवा रेटतो आणि हा आडवा रेटा झेलायला सायकलचं चाक बनवलेलंच नसतं. स्वतः ट्राइक बनवणाऱ्यांना चाकांबद्दल आज जे काही सांगणार आहे, ते सगळं इथून सुरू होतं.

पुढे दोन चाकं, मागे एक, मागे रेलून बसायचं आणि पाय पुढे टाकून पॅडल मारायचं, अशी ट्राइक मी डोळ्यांपुढे ठेवली आहे. मोटरसायकलच्या इंजिनावर ट्राइक करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. मोटरसायकलच्या टायरचा माथा गोल असतो तो झुकण्यासाठी. ताठ उभ्या चाकावर त्याची मधली पट्टीच तेवढी झिजत राहते. म्हणून अशा ट्राइकच्या मागच्या जोडीला मोटारीची, चपट्या टायरची चाकं बसवतात.

आता थोडा हिशेब करू. माणूस आणि गाडी मिळून १२० किलो धरा. त्यातले सुमारे ७० टक्के, म्हणजे ८४ किलो, पुढच्या जोडीवर आहेत. जोरात वळताना आतलं चाक जमिनीवरून उचललं जाऊ लागतं, त्या क्षणी हे ८४ किलो एकट्या बाहेरच्या चाकावर येतात. आडवा रेटा वजनाच्या सहा दशांश धरला, तरी टायरच्या तळाशी ५० किलोचा जोर बाजूने लागतो. २० इंची चाकात हा जोर हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यापासून, साधारण २४ सेंटिमीटरवर असतो, २६ इंचीत ३३ सेंटिमीटरवर. म्हणजे तोच रेटा मोठ्या चाकाच्या हबला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेल्या ताकदीने पिळतो. शिवाय हबची रुंदी तेवढीच राहिली, तर मोठ्या चाकाचे स्पोक, म्हणजे तारा, जास्त उभे बसतात आणि बाजूचा आधार आणखी कमी होतो. पुढे मोठी चाकं रुबाबदार दिसतात हे खरं, पण मी पुढे २० इंचीच बसवेन.

तेही नीट पाहून. '२० इंच' या नावाने मुख्यतः दोन वेगळी मापं विकली जातात आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. टायरच्या अंगावर ४०-४०६ असा आकडा छापलेला असतो. पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बहुधा ४०६ किंवा ४५१ असतो. ४५१ च्या रिमा बहुधा बारीक आणि वेगासाठी केलेल्या असतात. बीएमएक्स, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलींच्या, उड्या सोसणाऱ्या, ३६ भोकांच्या दणकट रिमा ४०६ मध्ये मिळतात. त्याच घ्या.

स्पोक कुठे हार मानतात, ते समजून घेऊ. बाहेरच्या चाकाचा तळ वळताना गाडीच्या आतल्या बाजूला ढकलला जातो. हबच्या दोन्ही बाजूंना स्पोक अडकवायच्या चकत्या असतात, त्या फ्लँज. तळाशी असलेले बाहेरच्या फ्लँजचे स्पोक ताणले जातात, आतल्या फ्लँजचे ढिले पडतात. वजनामुळे तळाच्या स्पोकचा ताण आधीच कमी झालेला असतो, त्यात ही भर. ताण शून्यावर आला की निप्पल, म्हणजे स्पोकचं रिमपाशी असलेलं छोटं नट, हळूहळू सुटत जातं, स्पोक सैल होतो, पुन्हा झटक्याने ताणला जातो आणि अखेर हबपाशी वाकलेल्या मानेत तुटतो. यावर अनेकांना जाड स्पोक घालावेसे वाटतात. मला तो उपाय उलटा वाटतो. जाड तार तेवढ्याच ताणाला कमी लांबते, म्हणून ती लवकर ढिली पडते. खरा उपाय आहे दोन्ही फ्लँज मध्यापासून सारख्या अंतरावर आणि शक्य तितके दूर असलेला हब, ३६ स्पोक आणि पुरेसा, एकसारखा ताण. नुसता आऊट, म्हणजे चाकाचा डुलणारा वाक, काढून चाक सरळ फिरलं म्हणजे ते मजबूत झालं असं नाही. स्पोकच्या जोड्या दाबून पाहा, नाहीतर ताण मोजायचं साधन वापरा.

ब्रेक हबवर असेल तर स्पोक एकमेकांना छेद देणारेच हवेत, सरळ मध्यातून निघालेले चालणार नाहीत. मात्र छोटी रिम आणि मोठा हब, म्हणजे ड्रम ब्रेक किंवा मोटर, अशी जोडी असेल तर तीन छेद घालू नका, म्हणजे एक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडेल असं विणू नका. स्पोक रिममध्ये इतका तिरका शिरतो की निप्पलपाशी वाकतो. तिथे एक किंवा दोन छेद पुरे.

पण सगळ्यात जास्त विचार एक्सलवर, म्हणजे हबच्या आतल्या दांड्यावर, खर्च करायला हवा. सायकलचा एक्सल दोन्ही टोकांना धरलेला असतो, ट्राइकचा पुढचा एक्सल एकाच बाजूने. सरळ जाताना वजन त्याच्या मोकळ्या टोकाला वर वाकवतं. जोरात वळताना बाहेरच्या चाकाचा आडवा रेटा त्यालाच खाली वाकवतो, आणि आपल्या हिशेबात तो वजनावर मात करतो. एकदा इकडे, एकदा तिकडे असं वाकत राहिलेलं पोलाद थकतं आणि आधी काही न दाखवता तुटतं. म्हणून छर्रे आणि कोन असलेल्या साध्या हबमधला बारीक एक्सल इथे बाद. भरीव दांड्याची वाकण्याला टिकायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १२ मिलिमीटरऐवजी २० चा दांडा घेतला, तर ती साडेचार पटींहून जास्त होते. डोंगरउतारावरच्या सायकलींसाठी केलेले २० मिलिमीटर एक्सलचे हब म्हणूनच मला इतके आवडतात. ते रुंद असतात, बरेचसे जवळजवळ सममित असतात आणि बहुतेकांना डिस्क ब्रेकची तबकडी बसवायची सहा भोकंही असतात.

लेथवर एक्सल करून घेणार असाल तर दोन गोष्टींवर अडून बसा. जिथे तो किंगपिनच्या, म्हणजे हँडल वळवलं की पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या, तुकड्यात शिरतो तिथे आटे नकोत आणि काटकोनी खाच नको, गोलाई हवी. तडा आट्याच्या खाचेतूनच सुरू होतो. दुसरी गोष्ट, दोन बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये नेमक्या मापाची नळी हवी. ती नसेल किंवा आखूड असेल, तर नट आवळताच बेअरिंग आडवी दाबली जातात आणि लवकर खराब होतात.

ट्राइकवर दोन्ही डिस्क सहसा आतल्या बाजूला येतात. म्हणजे डावीकडचा हब सायकलच्या मानाने उलटा फिरतो. डिस्कवर दिशेचा बाण असेल तर तो डावीकडे चुकीचा येणार, म्हणून दोन्ही दिशांना चालणारी डिस्क शोधा. ड्रम ब्रेक डाव्या-उजव्या जोडीने मिळतात, ७० आणि ९० मिलिमीटर व्यासाचे. पाऊस-चिखलात मला तेच जास्त भरवशाचे वाटतात.

हे सगळं फ्रेम वेल्ड करण्याच्या आधी ठरवा. किंगपिनची रेषा खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या मध्यावर पडावी, असा प्रयत्न असतो. तशी पडली की एकाच चाकाचा ब्रेक दाबला तरी हँडल हातातून ओढलं जात नाही. नंतर हब १० मिलिमीटरने बाहेर आला, किंवा चाकाचं माप बदललं, की ही रेषा हुकली. चाकं हातात आल्याशिवाय किंगपिनचा कोन कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढची चाकं जवळजवळ समांतर हवीत, पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर जवळ. दोघांत एका अंशाचा फरक राहिला तरी दर किलोमीटरला टायर मिळून सुमारे १७ मीटर आडवे घासले जातात. महागडे टायर अकाली झिजले की लोक टायरला दोष देतात. हे माप माणूस बसलेला असताना घ्या, कारण वजन आलं की फ्रेम थोडी उघडते.

मागचं चाक वेगळं. तिथे गिअरचे दाते एका बाजूची जागा खातात, त्यामुळे त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे राहतात. हबमध्येच गिअर असलेला पर्याय घेतला, किंवा मागची फ्रेम थोडी सरकवून रिम दोन फ्लँजच्या बरोबर मध्ये आणली, तर चाक पुष्कळ सुधारतं. आणि माप बदलताना गिअरचा हिशेब विसरू नका. ४०-४०६ चा टायर एका फेरीत सुमारे १.५३ मीटर जातो, ५०-५५९ चा २.०७ मीटर. मागे लहान चाक आलं की प्रत्येक गिअर जवळपास चौथ्या हिश्शाने हलका होतो. चढावर हे सुख आहे, सपाटीवर मात्र पाय रिकामे फिरू लागतात. तेव्हा पुढचं दात्यांचं चक्र त्याच प्रमाणात मोठं करा आणि चेनची लांबी नव्याने मोजा.