स्पीड कॅमेरा लावायचा कुठे आणि काढायचा कधी?

मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "हा कॅमेरा नुसता वसुलीसाठी लावलाय!" या तक्रारीत तथ्य आहे की नाही, ते कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरतं.

2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167ए हा नियम आला. महामार्गांवरच्या जास्त धोक्याच्या, जास्त वर्दळीच्या पट्ट्यांत आणि मोठ्या शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत कॅमेरे लावा, असं तो सांगतो. आणि आधी ठळक फलक लावा, असंही. म्हणजे फलक न लावता झाडाआड लपवलेला कॅमेरा नियमातच बसत नाही.

आता धोक्याची जागा कोणती? साधारण 500 मीटरच्या तुकड्यात 3 वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसं गेली, तर तो ब्लॅक स्पॉट. पण अपघात वेगामुळेच झाले का, हे विचारायलाच हवं. गावकऱ्यांना जायला वाट नाही म्हणून दुभाजक फोडलेला असतो, रात्री वळण दिसत नाही. तिथे कॅमेरा काय करणार? तिथे भुयारी मार्ग द्या, दिवे लावा.

आणखी एक. एखाद्या वर्षी एका जागी योगायोगानेही जास्त अपघात होतात आणि पुढच्या वर्षी आपोआप कमी होतात. मध्ये कॅमेरा लावला असेल तर सगळं श्रेय त्याला जातं! म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर जागा ठरवू नये.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे घ्या. सपाटीला कारला ताशी 100 ची मर्यादा, घाटात 60. लोणावळा सोडून उताराला लागलात आणि एकच कॅमेरा असला, की लोक त्याच्या अलीकडे करकचून ब्रेक मारतात, तो गेला की पुन्हा सुसाट. मागून भरलेला ट्रक येत असतो हो! यावर उपाय सरासरी वेगाचा. दोन ठिकाणी नंबर टिपायचा आणि मधला वेळ मोजायचा. 60 च्या वेगाने 10 किलोमीटरला 10 मिनिटं लागतात. तुम्ही 7 मिनिटांत पोचलात, तर सरासरी 85 च्या वर गेली. घाटासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते.

आणि काढायचा कधी? "आता चलनं होत नाहीत, काढून टाका" हे मला अजिबात पटत नाही. चलनं कमी झाली म्हणजे कॅमेरा काम करतोय. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरने 2010 च्या ऑगस्टमध्ये निधी कापला गेल्यामुळे कॅमेरे बंद केले. वेगमर्यादा मोडणारे वाढले. 2011 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले.

रस्ताच बदलला, तर मात्र काढा किंवा हलवा. एक्स्प्रेसवेचा घाट टाळणाऱ्या 'मिसिंग लिंक' या नव्या रस्त्यामुळे घाटातली वाहतूक वळली, की तिथल्या प्रत्येक कॅमेऱ्याची जागा नव्याने तपासायला हवी.

तुमच्या रस्त्यावर चुकीच्या जागी कॅमेरा आहे, किंवा हवा तिथे नाही? किलोमीटरच्या दगडाचा आकडा टिपा, फोटो काढा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावाने जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.