क्योऽसोऽ : उच्चार एक, चित्रं दोन

नमस्कार श्रोतेहो. आज एकच जपानी शब्द घेऊ या : क्योऽसोऽ. म्हणजे स्पर्धा. दोन्ही ओ लांबवायचे, अवग्रह दिल्यासारखे. शेवटचा ओ घाईत आखडलात तर 'क्योऽसो' होतं, आणि त्याचा अर्थ पंथाचा संस्थापक! निघालात शर्यतीला आणि पोचलात मठात.

हा शब्द लिहायला दोन कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं, लागतात. पहिल्याला तब्बल 20 रेघा, पण घाबरू नका. डावीकडे जे, तेच उजवीकडे. वर 'उभं राहणे', खाली 'थोरला भाऊ'. दोन दादा खांद्याला खांदा लावून उभे, अशी मी माझ्यापुरती खूण ठेवली आहे. सायकलींच्या 'केइरिन' शर्यतीतलं 'केइ' ते हेच अक्षर, फक्त उच्चार वेगळा.

गंमत दुसऱ्या अक्षरात आहे. तिथे 'भांडणे' लिहिलं की चढाओढ, बाजारातली, परीक्षेतली. 'धावणे' लिहिलं की पळण्याची शर्यत. कानाला दोन्ही क्योऽसोऽच. पोरं रस्त्यात ओरडतात, "एकि मादे क्योऽसोऽ!", तेव्हा ती धावण्याची. एकि म्हणजे स्टेशन, मादे म्हणजे पर्यंत.

त्या 'भांडणे'वरून एकदा खरंच वाद झाला होता. फुकुझावा युकिची, 1984 पासून चाळीस वर्षं दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा होता ते, शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या, अखेरच्या काळात इंग्रजी अर्थशास्त्राचं पुस्तक भाषांतरित करत होते. 'कॉम्पिटिशन'ला शब्द हवा होता, म्हणून त्यांनी क्योऽसोऽ योजला. खजिन्याच्या अधिकाऱ्याने अनुक्रमणिका पाहिली आणि अडला : यात भांडण आहे, हे बरं दिसत नाही. फुकुझावांनी समजावलं, शेजारचा दुकानदार स्वस्त विकतो म्हणून हा त्याहून स्वस्त विकतो, एवढंच. पटेना. वरिष्ठांना दाखवता येणार नाही म्हणे! शेवटी फुकुझावांनी त्या शब्दावर काळं फासून कागद दिला, पण दुसरा शब्द दिला नाही. आत्मचरित्रात त्यांनीच हे सांगितलं आहे. मला हा हट्ट फार आवडतो.

आता वापर. मराठी माणसाला इथे जवळजवळ फुकटात मिळतं. 'मित्राशी स्पर्धा करतो', "तोमोदाची तो क्योऽसोऽ सुरु." तोमोदाची मित्र, 'तो' म्हणजे आपला '-शी', सुरु म्हणजे करणे. क्रमही तोच, क्रियापद शेवटी. चुरस जबरदस्त आहे म्हणायचं तर "क्योऽसोऽ गा हागेशिइ."

पण एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय. आपल्याकडे निबंधाची स्पर्धा, रांगोळीची स्पर्धा, कंपन्यांची स्पर्धा, सगळ्याला एकच शब्द. म्हणून वर्गात मी ऐटीत सांगितलं, वक्तृत्वाच्या क्योऽसोऽमध्ये भाग घेतोय. सेन्सेई हसल्या. म्हणाल्या, "कोणाशी भांडायला निघालात?" भरवलेल्या स्पर्धेला जपानीत वेगळे शब्द : भाषणाला कोन्तेसुतो, पियानोला फ्रेंचवरून आलेला कोन्कूरु, खेळांच्या मोठ्या स्पर्धेला ताइकाइ. मी म्हणायला हवं होतं, "सुपीऽचि कोन्तेसुतो नि देमासु." देमासु म्हणजे उतरतो.

उतरलो होतो. नंबर आला नाही, पण ओ दोन्ही लांब होते.