सोनोग्राफी नॉर्मल, तरी दुखणं तसंच? डीप एंडोमेट्रिओसिस नेमका कशात दिसतो

नमस्कार. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की जीवघेणी कळ येते, संबंधांच्या वेळी आत खोल दुखतं, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली लिहिलेलं असतं ‘नॉर्मल’. मग घरातले म्हणतात, ‘बघ, काही नाहीये. पाळीत दुखायचंच.’ त्या एका शब्दावर कित्येक जणींची वर्षं जातात, म्हणून आज त्याबद्दल बोलायचंय. शोधून सापडलं नाही, का मुळात शोधलंच नाही? हे त्या रिपोर्टला विचारावंच लागतं.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो एंडोमेट्रिओसिस. ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणाखाली त्या 5 मिलिमीटरपेक्षा खोल शिरल्या की डीप एंडोमेट्रिओसिस, अशी त्याची जुनी व्याख्या. गर्भाशयाला पाठीच्या बाजूला बांधून ठेवणारे पट्टे, योनी आणि गुदाशय यांच्यामधली जागा, मोठं आतडं, कधी मूत्राशय, या त्याच्या ठरलेल्या जागा.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बीजकोषातली मोठी चॉकलेट सिस्ट (याच आजाराची, जुनं रक्त साठलेली गाठ) दिसेल. मागच्या बाजूच्या या गाठी बहुतेकदा दिसत नाहीत. पहिली खरी तपासणी म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, टीव्हीएस. पण तीही कशी केली यावर सगळं आहे. गर्भाशय मोजलं, बीजकोष पाहिले, झालं, एवढ्याने भागत नाही. 2016 मध्ये ‘आयडिया’ नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने याची पद्धत मांडली. गर्भाशय आणि बीजकोष पाहायचे. प्रोबने हलकं दाबून कुठे दुखतं, बीजकोष मोकळा हलतो की चिकटलाय, ते बघायचं. मग स्लायडिंग साइन: हलक्या दाबाने आतडं गर्भाशयाच्या मागून सहज सरकतं का? सरकत नसेल, तर मागची जागा चिकटून बंद झालेली असण्याची शक्यता मोठी. आणि मग एकेका जागी गाठ शोधायची. या तपासणीत ‘इथे दुखतंय’ हे तुमचं सांगणंसुद्धा पुरावा असतं. सोसत गप्प पडून राहू नका.

आता एमआरआय. 2016 च्याच कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, डीप एंडोमेट्रिओसिस असलेल्या 100 जणींपैकी टीव्हीएसने साधारण 79 ओळखल्या, एमआरआयने 94. पण आजार नसलेल्या 100 जणींना ‘नाही’ असं बरोबर सांगण्यात टीव्हीएस 94 वर आणि एमआरआय 77 वर. एमआरआयचे अभ्यास मात्र लहान होते, त्यामुळे तो 77 चा आकडा फार घट्ट धरू नका. आतड्यावरच्या आजारात दोन्ही नव्वदीच्या घरात, जवळपास सारख्या. म्हणून ‘महाग ती चांगली’ हा हिशेब इथे चालत नाही. सरावलेल्या हाताची टीव्हीएस आधी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एमआरआयची खरी गरज पडते ती आजार पसरलेला वाटतो तेव्हा, ऑपरेशनची आखणी करताना, किंवा टीव्हीएस करता येत नाही तेव्हा.

आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलींची आतली सोनोग्राफी बहुधा करत नाहीत. तिथे एमआरआय आहे, काही ठिकाणी गुदमार्गातून सोनोग्राफीही होते. ‘लग्न झाल्यावर बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘डीप एंडोमेट्रिओसिसची शंका’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण त्यावर स्कॅनची पद्धत ठरते. सीटी स्कॅनचा यात फारसा उपयोग नाही, वर रेडिएशन.

पूर्वी निदान पक्कं करायला दुर्बिणीचं ऑपरेशन लागतंच असं मानायचे. युरोपातल्या ‘एश्रे’ या प्रजनन-आरोग्यातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ते बदललं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, किंवा औषधांनी फरक पडला नाही, तर दुर्बिणीचा विचार. आवरणावरचे वरवरचे डाग स्कॅनमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे स्वच्छ रिपोर्ट आला तरी आजार नाही असं ठरत नाही.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. खोलवरची गाठ मूत्रवाहिनी दाबू शकते, आणि किडनी काहीही न दुखता सुजत जाते. टीव्हीएसला गेलात की त्याच वेळी पोटावरून दोन्ही किडन्याही बघायला सांगा.