गाडी घ्या, पण शहरांसाठी नको

मंडळी, युरोपात भाड्याने गाडी घेऊन फिरायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो, स्वस्त पडतं का? माझं उत्तर काहींना रुचणार नाही. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं असेल तर नाही पडत. म्युनिक ते साल्झबुर्ग घ्या. बव्हेरिया राज्याचं एक दिवसाचं तिकीट मिळतं, बायर्न-टिकेट. पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि माणसं वाढली की डोई खर्च उतरत जातो. राज्यातल्या साध्या रेल्वेगाड्यांत दिवसभर चालतं आणि सीमा ओलांडून साल्झबुर्गपर्यंतही चालतं. अट एवढीच की कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर निघायचं. चौघांनी हे तिकीट काढलं तर भाड्याची गाडी त्याच्या आसपासही येत नाही. शिवाय गाडी शहरात नेली की ती उभी करायचे पैसे वेगळे.

मग गाडी कशासाठी? रेल्वे जिथे जात नाही तिथे जाण्यासाठी. हे एकदा ठरलं की खर्चाची निम्मी भानगड मिटते. म्हणून आज मी एकच फेरी सांगणार आहे. म्युनिकहून निघायचं, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात उतरायचं, तिथून इटली आणि ब्रेनर खिंडीतून परत म्युनिक. गोल फेरी मुद्दाम. गाडी एका देशात घेतली आणि दुसऱ्या देशात सोडली तर वेगळा आकार लागतो, आणि तो कधीकधी भाड्यालाही मागे टाकतो.

गाडी घेताना दोन ठिकाणी हात आखडू नका. पहिलं, ऑटोमॅटिक घ्या. तिकडे गिअरची गाडी स्वस्त मिळते हे खरं. पण स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून आणि गिअर उजव्या हाताला, हे सगळं एकदम घाटात शिकायचं नसतं. दुसरं, विमा. अपघात झाला तर ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड तुमच्यावर असतो. ती रक्कम कमी करून घ्या, किंवा तिच्यासाठी वेगळा विमा काढा. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. आपण ज्यात युरो भरून नेतो त्या फॉरेक्स कार्डावर बऱ्याच ठिकाणी भागत नाही, आणि हे काउंटरवर कळलं तर पंचाईत होते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि आपला मूळ परवानाही बरोबर ठेवा. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार ते आधी सांगून टाका, काही कंपन्या त्याचे पैसे घेतात. शक्य असेल तर विमानतळावरून गाडी घेऊ नका. शहरातल्या शाखेत बहुधा स्वस्त पडते.

आता टोल. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात मुदतीचा पास घ्यावा लागतो, त्याला व्हिन्येट म्हणतात. तो ऑनलाइन मिळतो आणि गाडीच्या नंबरवर नोंदला जातो. ऑस्ट्रियात एक दिवसाचा आणि दहा दिवसांचाही आहे, स्लोव्हेनियात आठवड्याचा. पण त्यातही मेख आहे. टाउएर्न आणि काराव्हांकेन हे बोगदे आणि ब्रेनरचा रस्ता या पासात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. इटलीत आपल्या एक्सप्रेसवेसारखं, चढताना पावती घ्यायची आणि उतरताना अंतराप्रमाणे भरायचं. पिवळी पाटी असलेल्या रांगेत शिरू नका, ती त्यांच्या फास्टॅगवाल्यांची. चुकून शिरलात तर गाडी मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, पावती निघते, पैसे नंतर भरता येतात.

नकाशा नीट पाहिला तर यातला बराच टोल टळतो. ऑस्ट्रियातल्या फिलाखहून स्लोव्हेनियात जायला सगळे काराव्हांकेन बोगदा धरतात. त्याच्या पश्चिमेला वुर्त्सेन नावाची जुनी खिंड आहे. चढ अंगावर येतो, पण रस्ता फुकट, आणि तो थेट क्रांस्का गोराजवळ उतरवतो. तिथून पुढे व्हर्शिचचा घाट. हाही साधा रस्ता, महामार्ग नव्हे, त्यामुळे स्लोव्हेनियाचा पास लागत नाही. व्हर्शिच उतरून सोचा नदीच्या काठाने कोबारिदपर्यंत आणि तिथून इटलीत, महामार्गाला चाकही न लावता जाता येतं. या सगळ्याच्या अलीकडे, ऑस्ट्रियातच, ग्रोसग्लॉकनरचा प्रसिद्ध रस्ता आहे, त्याचे एका गाडीला चाळीस युरोंच्या वर पडतात. देखावा अप्रतिम आहे, वाद नाही. पण खिसा सांभाळायचा असेल तर मी व्हर्शिच म्हणेन.

या घाटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. उंची 1611 मीटर, वळणं पन्नास, आणि प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी. उत्तरेकडच्या चढावर वळणांपुरती दगडी फरसबंदी आहे. डांबरावरून चाक दगडावर आलं की आवाज एकदम बदलतो, आणि पावसात वेगही आपोआप बदलावा लागतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीला इटलीच्या आघाडीवर रसद पोचवायची होती, म्हणून रशियन युद्धकैद्यांना राबवून हा रस्ता बांधून घेतला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळला आणि त्याखाली कित्येक कैदी आणि पहारेकरी गाडले गेले. वाटेत एका वळणाशी कैद्यांनी बांधलेलं लाकडी प्रार्थनामंदिर आहे. गाडी लावून दोन मिनिटं चढून जा. हिवाळ्यात घाट बंद असतो, तेव्हा मे अखेर ते ऑक्टोबर एवढाच हंगाम धरा.

खाली कोबारिदला युद्धाचं संग्रहालय आहे. ऑक्टोबर 1917 मध्ये इटालियन सैन्याची इथेच दाणादाण उडाली. दुपार तिथे गेली तर वाईट वाटून घेऊ नका.

व्हेनिसबद्दल फार सांगत नाही. गाडी मेस्त्रेला ठेवा, मुक्कामही तिथेच करा, आणि लोकलने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. मेस्त्रे व्हेनिस पालिकेतच येतं, म्हणून तिथे मुक्काम असला तर दिवसभराच्या पाहुण्यांवर काही दिवशी लागणारी प्रवेशफी माफ असते. मात्र तशी ऑनलाइन नोंद करावी लागते.

इथून पुढचा फाटा कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नाही. मेस्त्रेहून दक्षिणेला राव्हेन्नाकडे रोमेया नावाचा बिनटोलचा सरकारी रस्ता जातो. ट्रक फार, तेव्हा ओव्हरटेकची घाई नको. राव्हेन्नाच्या पश्चिमेला सेनियो नावाची नदी आहे. नदी कसली, आपल्याकडे ओढाच म्हणतील, पण दोन्ही काठांना पुराचे उंच बांध. दुसऱ्या महायुद्धात, 9 एप्रिल 1945 रोजी, या बांधावर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव होते. काम निरोप्याचं. जखमी झालेल्या दोघांना त्यांनी एकेक करून पाण्यातून, निसरड्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनचं ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी संपवली. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या तुकड्यांना या म्हणून खुणावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परत आले. जवळच फोर्ली गावात भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन केलेल्यांचं स्मारक आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. स्मारकावरची नावं वाचत चाललात की आपली आडनावं भेटतात. अशा जागी जायचं असेल तर गाडीचं भाडं वसूल होतं, एवढंच माझं म्हणणं.

परतीच्या आधी इटलीतल्या दंडाविषयी. जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. लाल कडेचं पांढरं वर्तुळ, आणि वर ‘व्हार्को आत्तिव्हो’ अशी अक्षरं पेटलेली असली की कॅमेरा चालू समजायचा. पोलीस अडवत नाहीत, शिट्टी वाजत नाही. काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत कागद येतो, आणि कंपनी पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे घेते. जर्मनीत गंमत उलटी. तिथे काही जागी पार्किंग फुकट असतं, पण काचेमागे घड्याळाची निळी तबकडी लावायची आणि काटा पुढच्या अर्ध्या तासावर ठेवायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहा. म्हणजे वीस मिनिटं सरकारकडून भेट! आणि ऑस्ट्रियात-जर्मनीत महामार्ग तुंबला तर डावीकडच्या रांगेने अगदी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, रुग्णवाहिकेला मधून वाट हवी. गाड्या पूर्ण थांबायच्या आत हे करायचं असतं, नाहीतर दंड.

खाण्याचं सोपं आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ आणि भाजी तिथेच मिळते. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळीच सामान भरा. घरून चिवडा, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. पेट्रोल महामार्गावरच्या पंपावर भरू नका, गावात शिरलं की दर उतरतो. म्युनिकला गाडी देताना टाकी भरलेली हवी, आणि चारही बाजूंचे, मीटरचे आणि पेट्रोलच्या काट्याचे फोटो काढून ठेवा. ज्या कार्डावर गाडी घेतली ते परत आल्या आल्या बंद करू नका, दंडाचे पैसे त्याच्यावरूनच जातात.

बरं, मागून कुणीतरी व्हिसाचं विचारतंय. शेंगेन व्हिसा एकच पुरतो, 2024 च्या जूनपासून मोठ्यांना फी 90 युरो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आपल्या या फेरीत चारही देशांत मुक्काम आहेत, तेव्हा आधी रात्री मोजा, मग फॉर्म भरा. पुढचा प्रश्न?