स्पाइक कशाची खात्री करायला गेला? ‘काउबॉय बीबॉप’च्या शेवटाविषयी

नमस्कार. या वाहिनीवर मी ‘काउबॉय बीबॉप’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेविषयी जेव्हा जेव्हा बोलले आहे, तेव्हा तेव्हा खाली एकच प्रश्न आलेला आहे : तिचा नायक स्पाइक शेवटी मेला का? गेल्या वेळी मी मालिकेच्या संगीतकार योको कान्नो यांच्या संगीतावर बोलत होते, तरीही निम्म्या प्रतिक्रियांत हाच प्रश्न होता. म्हणून आज केवळ शेवटाविषयी बोलू. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांनी कृपया आधी ती पाहावी, कारण पुढे काहीही झाकून ठेवता येणार नाही.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ती थोडक्यात सांगते. शिनिचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका जपानमध्ये १९९८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. कथेचा काळ आहे २०७१. स्पाइक स्पीगल हा एकेकाळचा गुन्हेगारी टोळीतला माणूस ती टोळी सोडून, इनामासाठी गुन्हेगार पकडत बीबॉप नावाच्या अंतराळयानावर राहतो. शेवटच्या भागात त्याची प्रेयसी ज्युलिया त्याच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मरते, त्यानंतर तो एकटा टोळीच्या इमारतीत शिरतो, जुना सोबती व्हिशियस याला मारतो, रक्तबंबाळ अवस्थेत जिना उतरतो, समोरच्या बंदूकधाऱ्यांकडे बोट रोखून ‘बँग’ म्हणतो आणि कोसळतो. कॅमेरा वर आकाशात जातो आणि एक तारा विझतो.

आता माझी जुनी तक्रार. मला ज्या प्रतिक्रिया येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी या शेवटाला ‘ज्युलियाच्या मृत्यूचा सूड’ असे नाव देऊन विषय मिटवलेला असतो. हे वाचून मला मनापासून वाईट वाटते, कारण असे म्हणताना मालिकेनेच सरळ दिलेले उत्तर आपण ऐकलेले नसते. टोळीच्या इमारतीकडे निघण्यापूर्वी स्पाइक यानावर परत येतो, तिथला त्याचा साथीदार जेट याच्याकडे खायला मागतो, जेवतो. मग जेट त्याला एकच गोष्ट विचारतो : हे तिच्यासाठी आहे का? त्यावर स्पाइक म्हणतो की मेलेल्या बाईसाठी आता काही करता येत नाही. सुडाच्या कल्पनेला एवढे स्वच्छ उत्तर दिल्यानंतरही आपण सूडच म्हणत राहिलो, तर दोष लेखनाचा नाही.

मग तो जातो कशासाठी? माझ्या मते या मालिकेतले सर्वांत अवघड वाक्य यानंतर येते. त्याच यानावर राहणारी त्यांची साथीदार फे त्याची वाट अडवून त्याच्यावर पिस्तूल रोखते. तिची हरवलेली स्मृती परत आलेली आहे, पण परत जाण्याजोगी जागा उरलेली नाही, हे ती त्याला सांगते. भूतकाळ विसर म्हणणारा तूच भूतकाळात अडकलेला आहेस, असेही सुनावते. तेव्हा तो म्हणतो की मी मरायला जात नाही, मी खरोखर जिवंत आहे का, याची खात्री करायला जातो आहे. मूळ जपानीत तिथे ‘ताशिकामेरु’ हे क्रियापद आहे. दाराला कुलूप लावून निघाल्यावर आपण पुन्हा मागे वळून ते ओढून पाहतो, त्या कृतीला हे क्रियापद चालते. त्यात आवेश नाही, त्वेष नाही. शंका असलेल्या माणसाने पडताळून पाहण्याची ती क्रिया आहे, आणि शंका कोणाविषयी, तर स्वतःविषयी.

ही शंका कुठून आली, हे त्याच संवादात आहे. तो फेला स्वतःच्या डोळ्यांकडे पाहायला सांगतो. त्याचा एक डोळा कृत्रिम आहे. तो डोळा बसवल्यापासून आपण एका डोळ्याने भूतकाळ पाहतो आणि दुसऱ्याने वर्तमान, असे तो म्हणतो. वसतिगृहात मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा पाहताना मला हे निव्वळ काव्य वाटले होते. पुढे माझ्या आजीच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर ती खिडकीपाशी बसून आळीपाळीने एकेक डोळा मिटायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराकडे पाहायची. एका डोळ्याने ते पिवळट दिसे, दुसऱ्याने निळसर पांढरे. “यातलं खरं कोणतं गं?” असे तिने मला विचारले होते, आणि मला उत्तर देता आले नव्हते. त्या रात्री मी शेवटचा भाग पुन्हा पाहिला. स्पाइकची अडचण तीच आहे. दोन चित्रे एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून तो दोन्हींना स्वप्न समजून इतकी वर्षे काढतो. शेवटच्या क्षणी ज्युलियाही त्याला हे स्वप्न असल्याचेच म्हणते, आणि तो हो म्हणतो.

हीच गोष्ट तिसऱ्या बाजूने पाहा. जेवणानंतर स्पाइक जेटला एका पट्टेरी मांजराची कथा सांगतो. योको सानो यांच्या १९७७ च्या जपानी चित्रपुस्तकातली ही कथा आहे. लाखो वेळा मरून लाखो वेळा जन्मलेला हा बोका मरणाला भीत नसतो. मग त्याला एक पांढरी मांजरी भेटते. ती मरते, तेव्हा तो रडतो, मरतो आणि पुन्हा जन्म घेत नाही. कथा संपताच स्पाइक म्हणतो की मला ही कथा आवडत नाही, मला मांजरेच आवडत नाहीत, आणि दोघे खळखळून हसतात. एका प्रेक्षकाने लिहिले होते की हा प्रसंग केवळ ताण हलका करण्यासाठी आहे. मला हे मान्य नाही. ज्या माणसाला स्वतःचे मन उघड करता येत नाही, तो ते दुसऱ्याच्या कथेतून सांगतो आणि लगेच ती कथा झिडकारतो. मरणाची भीती नसणे हे त्या बोक्याचे शौर्य नव्हते. त्याने कोणावर जीव लावलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता. स्पाइकचा बेदरकारपणाही आपण पंचवीस भाग शौर्य समजून पाहत आलेलो असतो.

राहिला तारा. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावर घडणाऱ्या १२व्या आणि १३व्या भागांत गळणारा तारा हा योद्ध्याचा अश्रू असल्याचे एक वृद्ध सांगतो, त्यामुळे विझणाऱ्या ताऱ्याचा अर्थ मृत्यू लावणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मलाही तो मेला असेच वाटते. दिग्दर्शकांनी मात्र तसे अधिकृतपणे कधी जाहीर केलेले नाही. मला महत्त्वाचे वाटते ते कोसळण्यापूर्वीचे त्याचे हसू. रोखलेल्या बंदुकांपुढे रिकामे बोट धरणारा माणूस जिंकायला आलेला नसतो. तो ज्याची खात्री करायला आला होता, ती त्याला तिथे मिळालेली असते.

शेवटी पडद्यावर एक ओळ येते : ‘तुला ते ओझे वाहावे लागणार आहे.’ हा ‘तू’ कोण, असेही अनेकांनी विचारले आहे. स्पाइकला आता कसलेच ओझे उरलेले नाही. म्हणून फेला मागे सोडून तो निघून जातो, यानातल्या त्या बोळात एकदा परत या. फेने त्याच्या पाठीवर रोखता येईल असे पिस्तूल हातात धरलेले आहे, आणि ती छताकडे गोळ्या झाडते, एकामागून एक, आणि तो मागे वळून पाहत नाही.